बाळंतिणीचं लेह्य आणि नवा टपाल कायदा

नवा टपाल कायदा आला तेव्हा माझ्या नवऱ्याने पेपर वाचता वाचता जाहीर केलं, "संपलं तुमचं." तो साताऱ्याकडचा, इकडे तमिळ मुलखात गिंडीच्या एका कारखान्यात नोकरीला. मथळा वाचून निकाल देण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. मी चिडले. ज्या कायद्याने माझं पोस्ट संपणार म्हणे, तो निदान मी वाचायला नको? छापून घेतला आणि डबा खाता खाता वाचून काढला. सुटसुटीत होता. त्यातली एक ओळ मी पेनने अधोरेखित केली आणि कागद खणात टाकला. तो कधी उपयोगी पडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

वेलचेरीच्या एका गल्लीतल्या छोट्या पोस्टाची मी सब-पोस्टमास्तर. एक काउंटर, एक कारकून आणि भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ. कितीही रंग द्या, ती पुन्हा वर येते. त्या पुरानंतरचा चिखल मी स्वतः पदर खोचून काढला होता. आम्हाला मूल नाही, घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं, म्हणून सुट्टीच्या दिवशीही मी तिथे खराटा घेऊन हजर असायची.

कायद्यामागोमाग साहेब आले. खात्याने आता स्वतःच्या पायावर उभं राहायचं, जे पोस्ट आपला खर्च काढत नाही ते मोठ्या पोस्टात विलीन करायचं, असं त्यांनी समजावलं. एप्रिलपासून आमचं पोस्ट गिंडीला जाणार होतं.

"तुमची नोकरी सुरक्षित आहे, मॅडम," ते म्हणाले. "शिवाय गिंडीला एसी आहे."

एसी! माझ्याकडे येणारी माणसं कोण, हे त्यांना ठाऊक तरी होतं का? मुलं परदेशी आणि आईबाप इथल्या फ्लॅटमध्ये, गुडघे धरून बसलेले. ते शेअर ऑटोत कोंबून घेऊन गिंडीला जाणार? ते येणंच सोडून देतील. मला माझं पोस्ट तिथेच, त्याच गल्लीत हवं होतं, आणि हवं म्हणजे हवंच होतं. पण हट्ट करून खर्च भागत नाही, हेही कळत होतं.

अशात एका सकाळी समोरच्या इमारतीतल्या मावशी आल्या. त्या आमच्याच, तंजावरी मराठी. काठी टेकत आत आल्या आणि काउंटरवर एक डबा आदळला.

"पाहा गे हे! लेक तिकडे सिंगापुरात बाळंत झाली, आणि माझं लेह्य फिरून आलं. त्या कुरिअरवाल्याच्या हाताला काय रोग झाला?"

लेह्य म्हणजे बाळंतिणीला द्यायचा काळाभोर चाटणासारखा पदार्थ. सुंठ, मिरी, पिंपळी, गूळ, तूप घालून तासन्‌तास घोटलेला. आमच्याकडे बाळंतिणीखेरीज ते कुणाला मिळत नाही, त्यामुळे मी आयुष्यात कधी चाखलं नव्हतं. मी परत आलेल्या पार्सलचा कागद पाहिला. आत काय आहे, त्या रकान्यात मावशींनी ठसठशीत लिहिलं होतं: औषध. आता औषध म्हटल्यावर कस्टमवाले डॉक्टरची चिठ्ठी मागणार, नाही तर काय करणार?

"मावशी, असं का लिहिलंत?"

"अय्यो! मरुंदुला मरुंदु नाही तर का म्हणायचं? माझ्या आईने औषध म्हणून दिलं, तिच्या आईने औषध म्हणून दिलं." त्यांचा आवाज चढला आणि लगेच फुटला. "पोरगी एकटी आहे गे तिकडे."

मी डबा उघडला. वास नाकात झणझणला. नवा कागद घेतला आणि लिहिलं: सुंठ-गुळाचा गोड पदार्थ, घरगुती. त्याखाली आत जे जे घातलं होतं ते सगळं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मग डबा स्वतः बांधला, कापडात शिवला आणि रवाना केला.

तो पोचला. मावशींनी ही बातमी देवळात सांगितली, म्हणजे वेलचेरीभर झाली. आठवड्यात माझ्यासमोर लेह्याचे डबे, सांबारपूड, लोणची आणि गच्चीवर वाळवलेले वडाम, म्हणजे आपल्या कुरडयांचे चुलतभाऊ, घेऊन बायका उभ्या. लेह्य आणणारी प्रत्येक जण कागदावर औषधच लिहून आणायची, आणि मी प्रत्येकीवर ओरडायची. वडामांचा वाटेत भुगा व्हायचा, त्यावर तोडगा काढला तो निकाल देणाऱ्या माझ्या नवऱ्याने. "चुरमुऱ्यांत भरा," तो म्हणाला, "वडामही शाबूत, आणि तिकडे पोरांची भेळ होईल." मी एक जुनं टेबल पुसून काउंटरशेजारी मांडलं. सुई, दोरा, कापड, चुरमुऱ्यांचं पोतं. अड्यारहूनही माणसं येऊ लागली, आणि पार्सलांच्या पैशांत पोस्टाचा खर्च निघू लागला.

मार्चमध्ये साहेब शेवटच्या तपासणीला आले. दारातच थबकले.

"एन्न मॅडम इदु? हे काय चाललंय? पार्सल बांधून देणं हे पोस्टाचं काम कधीपासून झालं?"

"या कायद्यापासून, सर." मी खणातून कागद काढून ती अधोरेखित ओळ त्यांच्यापुढे धरली. कोणत्या सेवा द्यायच्या, ते ठरवायची मोकळीक पोस्टाला दिली होती.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. "ती मोकळीक दिल्लीला आहे. तुम्हाला नाही."

"मग दिल्लीला विचारा ना. तोवर या रांगेला काय सांगू? गिंडीला एसी आहे, असं?"

बोलून गेले आणि जीभ चावली. कारकुनाने मान खाली घातली. पण रांगेतल्या मावशींनी काठी आपटली आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "तंबी, बोलायचं असेल तर बाजूला उभं राहून बोला. माझी लेक वाट पाहतेय."

साहेब खरंच बाजूला झाले. भिंतीवरच्या पुराच्या रेघेला टेकून बराच वेळ रांग बघत राहिले. एका पार्सलची गाठ ओढून पाहिली, ती सुटली नाही. जाताना एवढंच म्हणाले, "जे करताय ते लेखी द्या." मी तिथल्या तिथे लिहून दिलं. त्यातही आवाज चढलेलाच होता, असं नवरा म्हणतो.

एप्रिल उजाडायच्या आत आदेश आला. विलीनीकरण रद्द. पोस्ट आहे तिथेच राहणार आणि बांधणीचं टेबल प्रयोग म्हणून अधिकृत होणार. मी तो मोठ्याने वाचला, पुन्हा वाचला आणि कारकुनासमोर, रांगेसमोर भोकाड पसरून रडले. जिंकल्यावर इतकं रडू येतं हे मला माहीतच नव्हतं. नवऱ्याला फोन करून म्हटलं, "काय हो, संपलं ना आमचं?" तो नुसता हसत राहिला.

दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडायलाच मावशी दारात. हातात वाटी, वाटीत काळाभोर गोळा.

"आ कर."

"मावशी, हे बाळंतिणीचं."

"मग?" त्यांनी बोटाने लेह्य उचललं आणि माझ्या तोंडापुढे धरलं. "चिखलातून काढलंस, इतकं वाढवलंस, काल सगळ्यांदेखत कळा दिल्यास. आ कर, कन्ना."

मी तोंड उघडलं. आधी गोड, मग तिखट, मग घशापासून पोटापर्यंत ऊबच ऊब. मावशींनी पदराने माझं तोंड पुसलं आणि रांगेत पहिल्या जाऊन उभ्या राहिल्या.