कमरेचं माप

टेलरमामांच्या डोक्यात वीस वर्षांपासून आवाज येत. गोळ्यांनी त्यातले बरेचसे गप्प असत. उरलेल्यांना मामा दाद देत नसत. त्यांनी स्वतःपुरता एक नियम घालून घेतला होता: कान काहीही सांगोत, टेप सांगेल तेच खरं. त्यामुळे त्यांनी शिवलेली पँट कधी परत आली नाही.

त्या वर्षी त्यांना तहान लागायला लागली. मशीनपाशी ठेवलेली बाटली तासाभरात रिकामी. पाय जड, सुईचं नेढं दिसेना. ते त्यांच्या थोरल्या बहिणीला, ताईला म्हणाले, "अंगातून कुणीतरी पाणी उपसतंय गं."

चुकलंच त्यांचं. हेच वाक्य शेजारचा इस्त्रीवाला बोलला असता, तर सगळ्यांनी त्याला रक्त तपासायला पिटाळलं असतं. मामा बोलले, तर ताईला ते आवाजच आठवले. "पुन्हा सुरू झालं," म्हणत तिने त्यांना नेहमीच्या मनोविकाराच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी जाडजूड फाईल उघडली, "कोण उपसतंय?" असं विचारलं आणि गोळी वाढवली. मामांना साधं वजनकाट्यावरही कुणी उभं केलं नाही. फाईल एवढी जाड झाली की तिच्याआडचा माणूस दिसत नसावा!

वाढीव गोळीने मामांना झोप आली, तहान मात्र होती तशीच. दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा ताईनेच दटावलं. मग त्यांनी तो विषय सोडला. पण आतून ते घाबरले होते. खरंच भास असला तर? म्हणून दर सोमवारी दुकान उघडलं की ते आधी स्वतःच्या कमरेला टेप लावायचे आणि पँट इंचभर सैल झाली की तेवढी आत घ्यायचे.

तीन महिन्यांनी कपडे धुताना ताईने ती पँट उलटी केली आणि बघतच राहिली. मागच्या बाजूला एकाशेजारी एक, शिवणीच्या चार ओळी होत्या.

"हे काय रे?"

"चार इंच गेलेत," मामा म्हणाले. "टेपला तर भास होत नाहीत ना, ताई?"

ताई पँट पिशवीत कोंबून तडक मामांना कोपऱ्यावरच्या साध्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पँट बघितली आणि लगेच बोटातून रक्ताचा थेंब घेतला. साखर चारशेच्या वर.

"अजून थोडे दिवस गेले असते तर जिवावर बेतलं असतं. आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं," मामा म्हणाले. "दोनदा."



आता साखर आटोक्यात आहे. वीस वर्षं मामांची नजर चुकवून जाणारी माणसंसुद्धा दुकानाशी थांबून विचारतात, "काय मामा, साखर काय म्हणतेय?" मामांना याची गंमत वाटते, थोडं वाईटही वाटतं. ताईचं तर रोज सकाळी तेच. एकदा काज करता करता मामा म्हणाले, "साखरेचं विचारतेस, तसं डोक्याचंही विचारत जा ना गं कधीतरी."

ताईने स्टूल ओढलं, त्यांच्यासमोर बसली आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, "काय बोलतात रे तुझ्याशी ते आवाज?"