टॉवेलचा तिसरा ठोका

जॉबरमामांच्या हातात कोणतीही नवी वस्तू दिली की ते आधी ती कानाशी नेत. नारळाचे किंवा मडक्याचे समजू शकते. ती पारख सगळेच तशी करतात. मामा मात्र बिस्किटाचा पुडा, चपलांचा जोड, कुलूप आणि लग्नपत्रिका यांना एकच कसोटी लावत. मी भौतिकशास्त्रात कॉलेजात पहिली आले तेव्हा गुणपत्रिका घेऊन मोठ्या अपेक्षेने त्यांच्यापुढे उभी राहिले. गुणांच्या रकान्याकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. कागद कानाशी धरून दोनदा फडफडवला आणि माझ्या वडिलांना गंभीरपणे निकाल सांगितला, "अप्पा, कागद चांगला हाय."

आमच्याकडे सोलापुरात यंत्रमाग बिघडला की ज्याला बोलावणे जाते तो जॉबर. मामांचे खरे नाव त्यांच्या रेशनकार्डावर होते आणि तिथेच राहिले. अप्पांचे मागाच्या सुट्या भागांचे दुकान. तिथल्या लोखंडी स्टुलावर मामा रोज सकाळी येऊन बसत आणि कुठल्या ना कुठल्या कारखान्यातून बोलावणे येईपर्यंत जगाचे परीक्षण करत. मागाशी ते तेलुगूत बोलत, मालकांशी मराठीत, आणि अप्पांची चेष्टा करायची असली की मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये. मला त्यांनी मी अकरावीला गेले त्या दिवसापासून 'सायन्स' म्हणायला सुरुवात केली. "काय सायन्स, आज काय शोध लावला?" हा प्रश्न मी दुकानाची पायरी चढण्याआधीच येई, आणि उत्तराची वाट न पाहता ते पुढचा विषय काढत.

त्यांच्या पिशवीत एक हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर असे. त्याने स्क्रू पिळलेला मी कधी पाहिला नाही. त्याचे टोक चालू मागाच्या सांगाड्यावर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि मग कुठला भाग ढिला झाला आहे ते सांगायचे, अशी त्यांची पद्धत. निदान क्वचितच चुके. त्यामुळे ते हत्यार त्यांनी दुकानातल्या पंख्याला, अप्पांच्या तराजूला आणि माझ्या स्कूटीलाही लावले. "तुजी गाडी रडतीय," असे त्यांनी मला भर रस्त्यात सांगितले होते. मी हसले. आठवड्याने तिचे बेअरिंग गेले.

जगाविषयी त्यांची एकच तक्रार होती: सगळे हळू बोलायला लागले आहे. हल्लीच्या फोनला घंटी नाही, नुसता थरथरतो. हल्लीचे पोलीस शिट्टीत जीव ओतत नाहीत. हल्लीच्या सुना नवऱ्याला चार घरे ऐकू जाईल असे बोलत नाहीत, मग भांडण मिटणार कसे? अप्पा म्हणत, "मामा, जग तेवढंच ओरडतंय." मामा मान हलवत. "न्हाय अप्पा. दम कमी झालाय."

पदवीनंतर मी ध्वनिमुद्रण शिकायचे ठरवले तेव्हा घरात जी शांतता पसरली तीसुद्धा मुद्रित करण्यासारखी होती. एका चित्रपटसंस्थेच्या ध्वनिविभागात जागा मोजक्या होत्या, आणि अर्जासोबत स्वतः ध्वनी केलेला एक लघुपट पाठवायचा होता. अप्पांनी तीन दिवस विचार करून अट सांगितली. "एक अर्ज कर. लागला तर जा. नाही लागला तर गपचूप एम. एस्सी. पुन्हा विषय काढायचा नाही." माझ्या पुढच्या आयुष्याचे सारे गणित असे बारा मिनिटांच्या एका चित्रपटावर येऊन ठेपले.

चित्रपटाची कल्पना साधी होती. मागाच्या कारखान्यात एक बाई टॉवेल विणते आहे. मागाशेजारी खाटेवर तिची म्हातारी सासू दुपारची गाढ झोपली आहे. एवढ्या खडखडाटात ती झोपते कशी, असे पाहणाऱ्याला वाटत राहते. मग वीज जाते, माग थांबतो, आणि सासू दचकून उठते. "काय झालं ग?" एवढेच तिचे वाक्य. अप्पांच्या जुन्या गिऱ्हाईक अंबूबाई यांच्या कारखान्यात आम्ही चित्रीकरण केले; विणणारी बाईही त्याच झाल्या. कॅमेरा माझ्या वर्गातल्या इरफानने धरला. सासूची भूमिका अंबूबाईंच्या खऱ्या सासूने केली, आणि त्यासाठी त्यांना झोपण्याचा अभिनय मुळीच करावा लागला नाही.

चालू मागाचा आवाज मुद्रित करून मी संगणकावर त्याचा आलेख पाहिला तेव्हा मला त्यात एक दोष सापडला. ठोक्यांची शिखरे सारखी नव्हती. दोन बुटकी, तिसरे उंच. पुन्हा दोन बुटकी, तिसरे उंच. मायक्रोफोन हलला असावा किंवा मागाचा एखादा भाग ढिला असावा, असा निष्कर्ष काढून मी रात्रंदिवस खपले आणि एकूण एक ठोका एका उंचीवर आणला. आलेख इतका सुबक दिसू लागला की मी त्याचा फोटो काढून ठेवला.

अर्जाची मुदत संपायला नऊ दिवस असताना मी आणि इरफानने दुकानाच्या काउंटरवर लॅपटॉप व दोन स्पीकर मांडले आणि मामांना पहिले प्रेक्षक केले. हेडफोन त्यांनी नाकारले. "हे टोपडं मला नगं." स्पीकरवर तळहात ठेवून त्यांनी डोळे मिटले.

इरफान कळवळला. "मामा, आँखां तो खोलो ना जरा! छे दिन मेहनत किया मैं."

"तू सांग की काय दिसतंय ते. मी ऐकतो."

"एक औरत है, टॉवेल बुन रई."

अर्ध्या मिनिटात मामांनी हात वर केला. "बंद कर. टॉवेल न्हाय हे."

"टॉवेलच आहे, मामा," मी म्हणाले. "बघा तरी."

"बघायचं काय त्यात? हा म्हणतोय टॉवेल, वाजतंय मांजरपाट." मग त्यांनी काउंटरवर बोटांनी ठोके दिले: दोन हलके, एक जोराचा. "टॉवेलच्या मागावर ठोकणारी फणी दोनदा नुस्ता हात लावती. तिसऱ्यांदा मारती. तिसरा ठोका पडला की तिन्ही धागं एकदम म्होरं सरकत्यात, आन वरचं सैल सूत फुगून उभं ऱ्हातं. ती लव असती म्हणून पाणी टिपतंय की! तू सगळं सारखंच मारलंस. ह्या कापडानं अंग कोण पुसंल?"

"मला ती चूक वाटली, मामा. म्हणून मी दुरुस्त केली."

त्यांनी डोळे उघडले आणि अत्यंत मायेने माझ्याकडे पाहिले. "सायन्स, तू मागाला शिकवलंस?"

इरफान आठवडाभर मला 'मांजरपाट मॅडम' म्हणत होता. मी मूळ मुद्रण परत काढले आणि तिसऱ्या ठोक्याला त्याची उंची परत दिली.

त्यानंतर मामांनी चित्रपट जणू स्वतःच्या अंगावर घेतला. माग थांबल्यानंतर मी ठेवलेली कोरी शांतता त्यांना मुळीच पसंत पडली नाही. "हे काय, पिच्चर बिघडला व्हय?" मग स्टुलावर बसून त्यांनी मला यादी सांगितली आणि मी ती प्रयोगवहीत उतरवून घेतली. "लाइट गेली की माग लगीच गप बसत न्हाय. आदी पट्टा फडफडतो. मग पुली फिरत ऱ्हाती, तिची कुरकुर. मग बाई पदर झटकती. मग शेजारचा सेलवरचा रेडिओ. त्यो सकाळधरनं चालूच असतो, पर कुणाच्या कानावर आल्याला नसतो. आन मग वर तुळईवर चिमण्या. दिवसभर भांडत असत्यात त्या, पर ऐकू येत्यात तवाच. चिमण्या घे बरं का. त्यांच्याबिगर माग थांबलाय असं वाटायचं न्हाय."

मी म्हटले, मेन स्विच पाडून मुद्रण करू. मामांनी कपाळाला हात लावला. आपला स्विच पाडला तर शेजारचे चाळीस माग चालूच राहणार. त्यात रेडिओ ऐकू येणार नाही आणि चिमण्याही नाहीत. वीज खरीच, सगळ्या गल्लीची जायला हवी होती. मग मायक्रोफोन लावून आम्ही अंबूबाईंच्या कारखान्यात बसून राहिलो. एरवी दिवसाआड जाणारी वीज दोन दिवस अखंड राहिली. सोलापुरात वीज जावी म्हणून डोळे लावून बसलेली आम्ही पहिलीच माणसे असू. तिसऱ्या दिवशी दुपारी इरफान चहाला गेला आणि त्याच मिनिटाला ती गेली. मला सगळे मिळाले: पट्टा, पुली, पदर, रेडिओ, आणि वरून अखंड, कर्कश, आनंदाने भांडणाऱ्या चिमण्या.

मुदतीला तीन दिवस होते. दुसऱ्या दिवशी दुकानात मामांनी स्पीकरला तळहात लावून सगळे ऐकले. प्रत्येक आवाजाला ते एकेक बोट मिटत गेले. चार बोटे मिटली. अंगठा तसाच राहिला.

"चांगलं केलंस," ते म्हणाले. "पर चिमण्या तेवढ्या आल्या न्हाईत. आता ऱ्हायल्या न्हाईत म्हणा त्या. लोक बी म्हणत्यात, कमी झाल्या."

स्पीकर चिवचिवाटाने भरून वाहत होता. पडद्यावर आलेखाच्या वरच्या पट्ट्यात त्यांच्या दाट रेघा उमटत होत्या. अप्पा आत माल मोजत होते. त्यांना काही कळले नाही. इरफानने माझ्याकडे पाहिले. आलेख दाखवून मी आयुष्यात पुष्कळ वाद जिंकले आहेत. त्या दिवशी मी लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, "हो मामा. उद्या परत जाऊन आणते."

चाळीस-पंचेचाळीस वर्षे मागांच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस प्रथम बारीक, उंच आवाज गमावतो; खालचे, जाड आवाज त्याच्यापाशी सर्वांत शेवटपर्यंत टिकतात. हे मी पाठ्यपुस्तकात वाचले होते, परीक्षेत लिहिले होते, त्याचे गुणही मिळवले होते. कानाशी नेलेला बिस्किटाचा पुडा आणि जगाचा कमी झालेला दम रोज समोर असूनही मला तो धडा आठवला नव्हता.

घरी जाऊन मी, मला जे येत होते तेच केले. चिमण्यांचा आवाज संगणकावर दोन सप्तके खाली उतरवला आणि दुसऱ्या दिवशी मामांना ऐकवला. त्यांचा अंगठा मिटायला लागला आणि अर्ध्यावर थांबला.

"ह्या चिमण्या न्हाईत. पारवं हायत."

मामांनी स्पीकरवरचा हात काढला आणि दुकानात कोणी नाही हे पाहून घेतले.

"काल वाजवलंस तवा होत्या?"

"होत्या, मामा."

"लई?"

"लई."

ते थोडा वेळ स्क्रू-ड्रायव्हरची मूठ चोळत बसले. मग हसले. "मंजी त्या बिचाऱ्या हायतच. मी उगीच म्हणत फिरलो, गेल्या म्हणून." मग आवाज खाली आणून, म्हणजे शेजारच्या दुकानापर्यंतच पोहोचेल इतका करून, ते म्हणाले, "अप्पाला बोलू नगंस. कुणालाच. मी पाना खाली ठिवतो तवर. आन तुझ्या पिच्चरमदल्या चिमण्या हायत तशा ठिव. मला ऐकू याव्यात म्हणून त्यांचा घसा कशाला बसवतीस?"

मी चिमण्या होत्या तशा ठेवल्या आणि चित्रपट मुदतीत पाठवला. मुलाखतीत एका परीक्षकांनी चष्म्यावरून पाहत विचारले, "मागाचा दर तिसरा ठोका मोठा आहे. पातळी सारखी का नाही केली?"

"केली होती, सर. त्याचा मांजरपाट झाला."

मग मला टॉवेल समजावून सांगावा लागला. ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारले, हे सांगितले कोणी? आमच्या गावात एक जॉबर आहेत, असे मी म्हणाले.

"कान फार तयार असणार त्यांचे."

"फार," मी म्हणाले.

गेल्या वर्षी मामांनी काम थांबवले, पाना खाली ठेवला. आता ते होटगीला मुलीकडे राहतात आणि तिथल्या आगगाड्यांवर बेहद्द खूश आहेत. "रेल्वे अजून मोठ्यानं बोलती," असे ते फोनवर मला इतक्या मोठ्याने सांगतात की वसतिगृहाच्या खोलीत फोन हातभर दूर धरावा लागतो. हे सगळे लिहू का, असे विचारले तेव्हा म्हणाले, "लिही की. आता कोन माझ्याकडं माग घिऊन येतंय?" इथल्या स्टुडिओत काम पुरे झाले असे वाटले की मी डोळे मिटून स्पीकरवर तळहात ठेवते. सोबतचे हसतात. हसू देत.

प्रवेशाचे पत्र आले त्या दिवसाचे सांगायचे राहिले. मी ते घेऊन धावत दुकानात गेले. अप्पांनी वाचले, पुन्हा वाचले आणि चष्मा पुसायला घेतला. मामा स्टुलावर होते. त्यांनी नेहमीप्रमाणे हात पुढे केला. या वेळी मी पत्र त्यांच्या हाती दिले नाही. त्यांच्या उजव्या कानाच्या अगदी जवळ नेले आणि चांगले जोरजोराने फडफडवले. कागदाची फडफडही चिमण्यांसारखी उंच पट्टीत वाजते, हे मला ठाऊक होते. त्यांच्या कानाला वारा लागला असेल, तेवढाच.

मामांनी डोळे मिटून पूर्ण ऐकून घेतले.

"अप्पा," ते म्हणाले, "कागद लई चांगला हाय."