उपडं पातेलं

दिवाळीत फटाक्यांच्या धुरातून गंधकाचा वास आला की मला प्लेगाचं ते साल आठवतं. नाशकातल्या घरांना गंधकाची धुरी देऊन आम्ही सगळे गावाबाहेर शेतात झोपड्या घालून राहिलो होतो. शेजारच्या झोपडीतल्या बाईला ताप भरला, तेव्हा आई न घाबरता रोज पातेल्यातून तिला पेज नेऊन द्यायची. ती बरी झाली आणि आई तापाने पडली. सकाळी पाहते तो शेजाऱ्यांनी आपली झोपडी उचलून शेताच्या पार पलीकडे नेलेली, आणि आमचं पातेलं घासून दाराशी उपडं ठेवलेलं. मी संतापले, तर आई शांतपणे म्हणाली, "अगं, तिला लेकरं आहेत." मग मी कोण होते? आई वाचली नाही. ते पातेलं अजून माझ्या घरात रोज चुलीवर चढतं, पण शेजारी कधी जात नाही.