चोवीसच्या ट्रॅक्टरला पेलेल तेवढंच

आमचा ट्रॅक्टर चोवीस हॉर्सपॉवरचा. द्राक्षबागेच्या दोन ओळींमधून आरामात जातो म्हणून घेतलेला. बागेची फवारणी आणि लासलगावला कांद्याची एखादी ट्रॉली, एवढंच त्याचं काम. पुढे मी कोंबड्यांचं शेड सुरू केलं आणि उन्हाळ्यात लाइट गेली की मी शेडकडे धावायला लागले. मे महिन्यात दुपारी पंखे थांबले की पक्षी चोची उघडून धापा टाकतात, आणि तासाभरात मरायला लागतात. वेगळं डिझेल जनरेटर घेण्यापेक्षा ट्रॅक्टरच्या मागे फिरणाऱ्या दांड्यावर, म्हणजे पीटीओवर चालणारं जनरेटर घ्यावं असं मी ठरवलं.

नवरा मनमाडला रेल्वेत. त्याची ड्युटी शिफ्टची, त्यामुळे शेड, बाग आणि ट्रॅक्टर माझ्याकडे आणि सासऱ्यांकडे. त्यांना आम्ही आबा म्हणतो.

विकत घेण्याआधी मी गावातल्या मंडपवाल्याचं असंच पीटीओवरचं मोठं जनरेटर एका दुपारपुरतं मागून आणलं. आमच्याच ट्रॅक्टरला जोडलं आणि सगळी बटणं एकदम दाबली. ट्रॅक्टरने काळा धूर सोडला, पंखे जेमतेम हलले आणि इंजिन बंद पडलं. आबा म्हणाले, "आपला ट्रॅक्टर लय लहान हाय. त्याला हे झेपायचं नाय." मला मात्र ट्रॅक्टरचा दोष वाटेना. त्याच्या अंगाला बसेल असं जनरेटर शोधायला हवं, एवढंच मला त्यातून कळलं.

मग मी विचारपूस करत सुटले. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलं, की चोवीस हा आकडा इंजिनाचा. मागच्या दांड्यापर्यंत वीसच्या आसपासच पोचते. बारावीला मी सायन्स घेतलं होतं. एक किलोवॅट म्हणजे साधारण एक पूर्णांक एक तृतीयांश हॉर्सपॉवर, हे मला आठवत होतं. पण जनरेटर फिरवणाऱ्या पट्ट्यांत आणि उष्णतेत काही ताकद वाया जाते, शिवाय मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त करंट ओढते. म्हणून एका किलोवॅटला दोन हॉर्सपॉवर धरायची. वीसचे निम्मे दहा किलोवॅट, ही झाली शेवटची मर्यादा. त्या टोकाला जाऊन रोज ट्रॅक्टर रडवण्यात अर्थ नव्हता. आमचे पंखे, पाण्याचे तुषार उडवणाऱ्या फॉगरचा पंप आणि बोअरची तीन हॉर्सपॉवरची मोटर यांची बेरीज साडेपाच किलोवॅटच्या आत बसत होती. मी साडेसात किलोवॅटवर थांबले.

नाशिकला दुकानात गेले, तर दुकानदाराने पंधराचं जनरेटर पुढे केलं. "ताई, पुढचा विचार करा. शेड वाढेल, लोड वाढेल."

मी म्हटलं, "शेड वाढेल, पण माझा ट्रॅक्टर वाढणार नाही."

तो हसला. मोठं घेऊन कमी लोड लावला तरी चालतं, असं त्याचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. पण मी घरी नसताना बटण दाबणारा माणूस लोड मोजून लावेल याची खात्री कोण देणार, असं मी विचारलं. दुकानदाराने मग साडेसातचं काढलं. त्याच्याबरोबर मी चेंजओव्हर स्विचही घेतला. जनरेटर चालू असताना आपली वीज उलटी तारेत जाऊ नये, खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतू नये, म्हणून.

जनरेटर ट्रॅक्टरच्या मागे लिफ्टवर लटकवून आणलं, तेव्हा गावात थोडी गंमत झाली. शिवेपलीकडच्या शेतकऱ्याचं मोठं बंद शेड आहे, एका टोकाला हवा गार करणाऱ्या पाण्याच्या जाळ्या आणि दुसऱ्या टोकाला दीड-दीड हॉर्सपॉवरचे दहा पंखे. तो बघायला आला आणि म्हणाला, "वहिनी, हे लग्नाच्या स्पीकरला बरं आहे." मीही हसले.

त्याच उन्हाळ्यात एका दुपारी त्याचा फोन आला. आवाज ओळखू येईना. त्यांच्याकडची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली होती आणि त्याच्या स्वतःच्या जनरेटरने ऐन वेळी दगा दिला होता. पार्ट नाशिकहून यायला संध्याकाळ होणार होती. आमची डीपी वेगळी, आमच्याकडे लाइट होती. पण ती कधी जाईल याचा नेम नव्हता. मी आबांकडे बघितलं. त्यांनी शेडच्या जाळीवर टांगायची गोणपाटं भिजवायला घेतली होती. "इकडं मी हाय. तू जा," ते म्हणाले.

मी ट्रॅक्टर काढला.

त्याच्या शेडमध्ये शिरले तर वाफेसारखी हवा अंगावर आली. पक्षी पंख पसरून जमिनीला चिकटलेले, काही आधीच गेलेले. मी पहिल्यांदा मेन स्विच खाली ओढायला लावला आणि तो खाली आहे हे स्वतः जाऊन बघितलं. मग जनरेटर जोडलं, रेस लावली, मीटरचा काटा स्थिर होईपर्यंत थांबले. एक पंखा. दुसरा. तिसरा, चौथा. प्रत्येक पंख्याला इंजिन जरासं दबायचं आणि परत सूर धरायचं. पाचव्याला ते चांगलंच कण्हलं, पण सावरलं. सहावा लावला तसा काटा घसरला, सगळ्याच पंख्यांचा आवाज बसला. मी सहावा बंद केला.

"वहिनी, सगळे लावा ना," तो हात जोडून म्हणाला.

"सगळे लावले तर एकही राहणार नाही. पाचच चालतील. बाकीचं आपण हाताने करू."

त्याच्या घरातल्या बायका, शेजारचे मजूर, सगळे आले. छतावर पाणी मारलं, जाळ्यांवर बादल्या ओतल्या. बायका पक्ष्यांमधून हळूहळू चालत राहिल्या. पक्षी उठून उभा राहिला की त्याच्या पोटाखालची धग निघून जाते. मी ट्रॅक्टरवरून हलले नाही. ऊन डोक्यावर होतं, सीट तापली होती, कोणीतरी ओला टॉवेल माझ्या खांद्यावर टाकून गेलं. कान इंजिनावर आणि डोळे काट्यावर, असं मी बसून राहिले. हळूहळू पक्षी चोची मिटायला लागले. काही पाण्याकडे चालत गेले.

संध्याकाळी त्याचं जनरेटर सुरू झालं. काही पक्षी गेले, पण शेड वाचलं. जनरेटरचं कव्हर त्याने स्वतःच्या हाताने पुसलं आणि दोऱ्या बांधून दिल्या.

घरी आले तर दिवसभर आमची लाइट गेलीच नव्हती. आबांनी तरी गोणपाटं ओलीच ठेवली होती. पुढच्या आठवड्यात लासलगावच्या लिलावात ते ओळखीच्या माणसांना सांगत होते, "आमच्या सूनबाईनं ट्रॅक्टरची ताकद बरोबर वळखली." मी ट्रॉलीच्या पलीकडे उभी होते, हे त्यांना माहीत नव्हतं. तोंडावर त्यांनी माझं कौतुक कधीच केलेलं नाही, आणि त्या दिवसानंतर ते ऐकायची मला गरजही वाटली नाही.

नवरा सुट्टीवर आला, तेव्हा शिवेपलीकडच्या त्या शेतकऱ्याने त्याला रस्त्यातच गाठून सगळं सांगितलं होतं. चहा झाल्यावर नवरा मला म्हणाला, "मला पण शिकव. आधी काय लावायचं?"

आम्ही शेडवर गेलो. आधी बोअरची मोटर, कारण सुरुवातीला तीच जास्त ओढते. मग फॉगरचा पंप. पंखे शेवटी, एकेक करून. तो बटण दाबायला घाई करत होता. मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, "थांब. इंजिन सूर धरू दे."

तो थांबला. दोघं कान देऊन उभे राहिलो.