येऊदेताईंचा परवाना

माझ्या आत्याला गोदामात कुणी नावानं हाक मारत नसे. ड्रायव्हर तिला येऊदेताई म्हणत. गोदामाला कमरेएवढा उंच सिमेंटचा ओटा आहे. ट्रक मागे घेत घेत त्या ओट्याला लावायचा आणि माल उतरवायचा. मागे काय आहे ते ड्रायव्हरला नीट दिसत नाही, म्हणून एक माणूस मागे उभा राहून सांगतो. अकरा वर्षं तो माणूस म्हणजे आत्या. एक हात वर करून ती आवाज लावायची, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... जरा तुमच्या अंगाला घ्या... येऊ दे... बास!" 'तुमच्या' हा आदर ड्रायव्हरला होता आणि 'येऊ दे' हा हुकूम गाडीला. तिचं 'बास' झालं की ओटा आणि ट्रक यांच्यात चार बोटं जागा राहायची. कुणीही हात घालून बघावं.

घरातही तिची ती सवय सुटली नव्हती. कपाट सरकवायचं असलं की आतोबा ढकलायचे आणि ती भिंतीशी उभी राहून सांगायची. आतोबा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, आणि मशीनच्या आवाजावर आपला आवाज चढवून बोलायची दोघांना इतकी सवय, की शेजाऱ्यांना वाटे यांचं रोज भांडण होतं.

एका सकाळी व्यवस्थापकानं तिला आत बोलावलं. तो वयानं तिच्याहून लहान, स्वभावानं बरा. समोरचा कागद त्यानं दोनदा सरळ केला.

"ताई, ओट्याला यंत्र बसतंय. गाडी जवळ आली की हिरव्याचा लाल दिवा होतो. मागे माणूस उभा करायची गरज राहणार नाही."

"मग मी काय करू?"

"आवारात गाड्या हलवायला एक ड्रायव्हर घ्यायचाय. लांबून आलेली माणसं गाडी फाटकाशी सोडतील, तिथून ओट्याला लावायची, रिकामी झाली की बाजूला उभी करायची. जड वाहनाचा परवाना लागेल. तीन महिन्यांत आणलात तर जागा तुमची, हे मी लिहून देतो. नाहीतर..."

'नाहीतर'च्या पुढचं त्याच्यानं बोलवेना. आत्यानंही विचारलं नाही. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, दुसरं कुठलंच काम येत नसताना, पुढचं वाक्य तिला पाठ होतं.

लहान गाडीचा परवाना तिच्याकडे होता. आतोबांचे शिवलेल्या कपड्यांचे गठ्ठे पोचवायला तिनं एकेकाळी एक जुनी व्हॅन चालवली होती. पण ट्रक म्हणजे ट्रक. त्या संध्याकाळी तिनं मशीनच्या आवाजावरून सांगितलं, "अहो, मी ट्रक शिकतेय."

आतोबांनी पाय थांबवला नाही. "बरं. कुठला?"

"कुठला म्हणजे? मोठा!"

"मग पाय पोचणार नाहीत तुझे."

ते खरंच होतं. ट्रक शिकवणाऱ्या शाळेत पहिल्या दिवशी ती सीटच्या टोकावर बसली तेव्हा कुठे क्लचला पाय लागला, आणि तिथे बसलं की पाठीला काहीच टेकेना. दुसऱ्या दिवशी आतोबा गळ्यात टेप घालून हजर. केबिनमध्ये चढून त्यांनी सीटची उंची घेतली, रुंदी घेतली, मग आत्याला बसवून पाठीमागची पोकळी मोजली. शिकवणारा मास्तर खाली उभा होता.

"काका, सीटला शर्ट शिवताय का?"

"नाही. सीट आणि ही यांच्यात जेवढं पटत नाही, तेवढं भरून काढतोय."

पहिली उशी फार मऊ निघाली, दुसरी घसरू लागली. तिसरीला त्यांनी मागून दोन पट्टे लावले आणि आत जुन्या कोटांचं कापड दाबून भरलं. ती मात्र चपखल बसली. आत्या म्हणते, त्या उशीनं तिला धरून ठेवलं नसतं तर पहिल्याच आठवड्यात तिनं घर गाठलं असतं.

कामावर जाण्याआधी रोज सकाळी एक तास शाळेचा ट्रक. आणि आठवड्याच्या सुट्टीला, गोदामाचं आवार रिकामं असे तेव्हा, उस्ताद.

उस्तादांचा ट्रक स्वतःचा होता. तीस वर्षं गाडीवर काढलेला माणूस, अंगानं किडकिडीत, जीभ मात्र कानशीसारखी. शिकवायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आत्या परवाना काढतेय हे कळल्यावर ते एवढंच म्हणाले, "सुट्टीला येतो मी. गाडी धुवायचीच असते." आणि त्या तीन महिन्यांत त्यांनी गाडी एकदाही धुतली नाही.

"ताई, क्लच म्हणजे पायरी नव्हे. उभ्या राहू नका त्याच्यावर."

"उस्ताद, सुटला तर गाडी उडी मारते."

"तुम्ही एकदम सोडता म्हणून मारते. पापड लाटताना हात कसा उचलता? तसा पाय उचला."

"मी विकत आणते पापड."

"तरीच!"

गिअर अडला की म्हणत, "भांडत नाहीये तो, क्लच मागतोय. द्या त्याला." चढावर गाडी घसरली की डोळे मिटून घेत आणि म्हणत, "माझा विमा आहे, तुमचा आहे का?" एकदा वैतागून आत्यानं स्टेअरिंगवरचे हात काढून घेतले. "मला नाही जमायचं." उस्तादांनी खिडकीबाहेर पाहिलं. "बरं. मग पुढच्या रविवारी येताना जरा लवकर या."

दोन महिन्यांनी तिनं परीक्षा दिली. मैदानावर पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांचे खांब रोवलेले होते. सरळ चालवणं झालं, चढावरून सुटणं झालं. शेवटी राहिलं मागे घेणं. खांबांच्या दोन रांगांमधल्या गल्लीतून मागे जात, वळून, एका चौकोनात गाडी उभी करायची. इतर उमेदवार यालाच घाबरतात. आत्याला मात्र हायसं वाटलं. हे तर आपलं घरचं काम. तिनं खिडकीतून मान बाहेर काढली, मागच्या चाकावर नजर लावली आणि, तिचं तिला कळलंही नाही, मोठ्यानं सुरू केलं, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे..." रांगेतली माणसं हसली. गाडीची शेपटी चौकोनात अशी गेली, की जणू म्यानात गेली. "बास!" म्हणून तिनं स्वतःच ब्रेक दाबला.

परीक्षक आले. वयस्क, चष्मा कपाळावर.

"बाई, गाडी फार सुरेख लागली."

"आभारी आहे, साहेब."

"पण तीन खांब गेले."

"कुठे? मी बघत होते की!"

"पुढे," ते म्हणाले. "पलीकडच्या बाजूला."

ती उतरून पुढे गेली. गाडी वळवत मागे घेताना तिचं नाक दुसऱ्या बाजूला फिरलं होतं आणि तीन खांब एकापाठोपाठ एक आडवे पडले होते. पडल्याचा आवाजही तिला आला नव्हता. पुढची तारीख मिळाली ती तीन महिन्यांची मुदत संपायच्या चार दिवस आधीची. त्यानंतर तारीख नव्हती.

घरी येऊन ती मशीनशेजारच्या गठ्ठ्यावर बसली. आतोबांनी मशीन बंद केलं. त्या घरात मशीन बंद करणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते तिलाच माहीत.

उस्तादांना सांगितल्यावर ते मात्र हसत सुटले. हसून हसून खोकला लागला त्यांना.

"ताई, तुमचं चुकलंच नाही हो! अकरा वर्षं तुम्ही गाडीच्या शेपटीशी बोलताय. तिला तोंडही असतं हे तुम्हाला कोण सांगणार? तोंडाकडे आम्ही बसलेलो."

मग त्यांनी पाण्याचा एक पत्र्याचा डबा शोधला, खिळ्यानं त्याच्या बुडाला भोक पाडलं, आणि तारेनं तो ट्रकच्या पुढच्या कोपऱ्याला बांधला. डब्यात पाणी भरलं. "आज तुम्ही चालवायचं नाही. पुढे उभ्या राहा आणि बघा." ते गाडी वळवत मागे घेऊ लागले. डब्यातून थेंबथेंब धार पडत गेली आणि सिमेंटवर एक ओली रेघ उमटली. आधी सरळ, मग एकदम बाहेर पोट काढून गेलेली, मग पुन्हा आत आलेली. आत्या रेघेजवळ उकिडवी बसली. गाडीचं नाक कुठून कुठे गेलं, ते जमिनीवर लिहिलेलं होतं.

"एवढं बाहेर जातं?"

"एवढं. वाळायच्या आत पाय टाकून मोजा."

तिनं मोजलं. चार पावलं. मग डबा पुन्हा भरला.

ही गोष्ट ड्रायव्हरांच्यात पसरायला दोन दिवसही लागले नाहीत. सोमवारी एक दाढीवाला ड्रायव्हर फाटकाशी आला आणि म्हणाला, "डबा कुठाय तो? बांधा माझ्या गाडीला. माझी लांब आहे, हिचं नाक जास्त फिरतं." त्यानं ओट्याला गाडी लावली. आत्यानं मागून आवाज दिला आणि गाडी थांबताच धावत पुढे जाऊन रेघ पाहिली. मग दुसरा आला, मग तिसरा. लहान गाडीची रेघ वेगळी, लांब गाडीची वेगळी, भरलेलीची आणि रिकामीची मात्र सारखीच. एरवी दहा मिनिटं थांबायला लागलं तर हॉर्न वाजवून आवार डोक्यावर घेणारी ही माणसं, त्या महिन्यात डबा भरेपर्यंत गप्प उभी राहत.

"तुमची खोटी होतेय," आत्या एकदा दाढीवाल्याला म्हणाली. "उशीर होईल."

"ताई, अकरा वर्षांत माझा मागचा एक दिवा फुटला नाही. गेल्या वर्षी दुसऱ्या एका गोदामात एकाच महिन्यात दोन फुटले. बघा तुम्ही सावकाश."

ही माणसं येतात, सही करतात, जातात. एवढंच तिला वाटत आलं होतं. आपण मागे उभे होतो हे त्यांनी इतकं ध्यानात ठेवलंय, हे तिला त्या डब्यामुळे कळलं.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी आतोबा बरोबर गेले. सरळ झालं, चढ झाला. मागे घेताना या वेळी तिनं मान बाहेर काढली नाही. आरशात पाहिलं, मग पुढच्या काचेतून, मग पलीकडच्या आरशात. वळण सुरू झालं. अर्ध्यात आल्यावर पलीकडचा खांब आरशातून दिसेनासा झाला. तो आरशाच्या खाली गेला होता, की गाडीच्या नाकाखाली, ते कळेना. डबा नव्हता, रेघ नव्हती. तिनं गाडी थांबवली.

"साहेब, उतरून बघू का?"

परीक्षकांनी चष्मा खाली घेतला. "नियमात एकदा चालतं. पण कुणी उतरत नाही."

"मी उतरते."

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बंद पडली वाटतं मावशींची!" हशा झाला. आतोबा म्हणतात, तेव्हा त्यांना वाटलं, संपलं. आत्या हँडब्रेक ओढून, पायरीवरून उलटी उतरली, पुढे गेली, खाली वाकली. खांब आणि गाडीचं नाक यांच्यात एक वीत जागा होती. तिनं गाडीच्या कोपऱ्यापासून पुढे जमिनीवर नजर फिरवली, जिथे रेघ उमटली असती तिथून, आणि नाक अजून कुठवर जाईल ते मनात मोजलं. तशीच आली असती तर खांब गेला असता. ती परत चढली, गाडी थोडी पुढे घेतली, आणि वळण जरा उशिरा सुरू करून मागे आली.

एकही खांब पडला नाही.

परीक्षकांनी कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं. "वेळ जास्त घेतलात, त्याचे गुण कापलेत," ते म्हणाले. "बाकी मी स्वतः शिकलो तेव्हा उतरलो असतो तर बरं झालं असतं. घ्या." आणि सही करून कागद तिच्या हातात दिला. आतोबांनी तो दोनदा वाचला, मग उन्हाकडे धरून सही खरी आहे का तेही पाहिलं.

व्यवस्थापकानं शब्द पाळला. पहिल्या तारखेला आत्या आवाराची ड्रायव्हर झाली.

उस्तादांना काय म्हणायचं, याची तिनं कितीतरी दिवस मनाशी तयारी केली होती. शब्द मोठे व्हायचे, मग तिला स्वतःलाच ते नाटकी वाटायचे. त्या सकाळी उस्तादांचा ट्रक फाटकाशी आला तेव्हा ती पुढे झाली. "उस्ताद, मला तुमचे..."

"आंघोळीला पाणी गरम आहे का आज?" उस्ताद खाली उतरत म्हणाले. इंजिन चालूच होतं. खांद्यावर टॉवेल, हातात साबणाची डबी.

"आहे. पण उस्ताद..."

"मग बोलत काय उभ्या राहिलात? माल उतरायचाय."

दुसऱ्याच्या हाती गाडी गेली की ड्रायव्हर हलत नाहीत. हात कमरेवर ठेवून लावून होईपर्यंत बघत राहतात. अकरा वर्षं तिनं हे पाहिलं होतं. आत्या केबिनमध्ये चढली आणि आरशात पाहू लागली. आता वळतील, मग वळतील. उस्ताद आवार ओलांडून गेले, ओट्याच्या बाजूनं गेले, ड्रायव्हरांच्या न्हाणीघरात शिरले आणि कडी लावल्याचा आवाज आला. त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही.

तिनं डोळे पुसले, कारण आरसे नीट दिसायला हवे होते. मग क्लचवरचा पाय हलकेच उचलत तिनं गाडी मागे घ्यायला सुरुवात केली.