उत्तम वाचक गोविंदन

केरळातल्या पय्यन्नूरजवळच्या एका वाचनालयात कॉम्प्युटर आणायचा हट्ट विलासिनीचाच. सॉफ्टवेअर मुक्त आहे, फुकट आहे, कुणाच्या बापाच्या मालकीचं नाही, हे तिनं समितीला इतक्यांदा ऐकवलं की शेवटी कंटाळून त्यांनी होकार दिला. मग डोळे फुटेपर्यंत बसून तिनं एकेक पुस्तक आणि एकेक सभासद त्यात भरला.

तिचं खरं काम मात्र दारोदार फिरण्याचं. पिशवीत पुस्तकं घालून ती घरोघरच्या बायकांना वाचायला देऊन यायची. त्यावर तिची चूल पेटायची, आणि जीवही त्यातच होता. घराला सभासदत्व एकच, तेही नवऱ्याच्या नावावर, ही तिथली रीत. बायका म्हणायच्या, "एका घरात दोन कार्डं कशाला, चेची?" चेची म्हणजे ताई. ताईनंही कार्डावर होतं तेच नाव कॉम्प्युटरला दिलं.

वर्षअखेरीला चिटणीस चंद्रांगदन मास्तरांनी अहवाल काढला.

"विलासिनी, बायका काही वाचत नाहीत गं. सगळे पुरुषच आहेत यात. मग तुझा फेरा कुणासाठी?"

"मास्तर, कार्ड नवऱ्याचं असतं. वाचतात त्या. तुमच्या नावावर बाळंतिणीच्या आहाराचं पुस्तक गेलंय, ते काय तुम्ही वाचलंत?"

मास्तर क्षणभर ओशाळले. "ते राहू दे. वर हाच कागद जाणार. आणि भरलंस तूच ना?"

त्या कागदावरून फेरा बंद झाला. बाईनं आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, ओरडणार कुणावर?

वार्षिक समारंभात सर्वांत जास्त पुस्तकं नेणाऱ्याचा सत्कार होता. कॉम्प्युटरनं नाव काढलं गोविंदनचं. या गृहस्थानं जन्मात ताडीच्या दुकानाची पाटी सोडून काही वाचलं नव्हतं. त्याला शाल पांघरली, एक जाडजूड कादंबरी हातात दिली.

"आवडतं पुस्तक कोणतं?" कुणीतरी विचारलं.

"सगळीच झकास!"

टाळ्या पडल्या. मागच्या बाकावर त्याची बायको कार्त्यायनीही टाळ्या वाजवत होती. तिनं विलासिनीला हळूच विचारलं, "चेची, माझा त्या कादंबरीचा दुसरा भाग राहिलाय. कधी आणतेस?"

"माझं येणं बंद झालं गं. आता तूच वाचनालयात येत जा."

"सासू अंथरुणाला खिळलेली. आज सत्कार म्हणून सुटले, रोज कोण सोडतंय?" कार्त्यायनी हसली. "असू दे. बक्षिसाचं पुस्तक येईल ना घरी, तेच वाचीन."

गोविंदन उशिरा घरी आला तो नुसती शाल घेऊन. पुस्तक त्यानं ताडीच्या दुकानात देऊन टाकलं होतं.