फॉर्ममध्ये न मावलेली उत्तरं

किस्से जमवायचे म्हणून कुणी जमवत नाही. आमच्या पाहणीच्या फॉर्मवर उत्तराला दोनच ओळींची जागा होती. त्यात जे मावलं नाही, ते डोक्यात साठत गेलं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी आणि माझी सहकारी कुंदा एसटीनं सातारा-सांगलीची गावं फिरायचो आणि अपंग माणसांना विचारायचो, घरात, गावात, कचेरीत तुम्हाला माणूस म्हणून कसं वागवतात?

मेढ्याजवळ रामभाऊ भेटले. साठीचे, अंध. प्रश्न मी त्यांना विचारायचो आणि उत्तर त्यांचा भाऊ द्यायचा. पोटभर जेवायला मिळतं? "व्हय, भरपूर." घरात कुणी टाकून बोलतं? "छ्या, कोन बोलतंय."

शेवटी कुंदा म्हणाली, "आता जरा त्यांना बोलू द्या."

रामभाऊ तिच्या आवाजाच्या दिशेनं वळले. मग म्हणाले, "दम धरा वाईच. मला आजवर कुनी काय इचारलंच न्हाई. सवय न्हाई."

औंधच्या बाजूला एक जवान राहायचे. लढाईत एक पाय गेलेला. झेंडावंदनाला गावानं त्यांना बोलावलं, खुर्चीसकट स्टेजवर चढवलं, हार घातला. "लय मान दिला," ते सांगत होते. "चढवायला चौघं हुती. कार्यक्रम झाला, समदी चहाला गेली. मी दुपारपतूर स्टेजवरच."

तासगावकडच्या अनसूयाबाईंचे दोन्ही पाय पोलिओनं गेलेले. त्यांच्या गावात मतदान माडीवर होतं. जिन्यापाशी पोचल्या तर वरून निरोप आला, "कशाला तरास घेताय बाई? तुमचं मत तुमचं चुलतं देतील."

"चुलतं दुसऱ्या पार्टीचं हायती," बाई म्हणाल्या आणि बसत बसत एकेक पायरी चढल्या.

त्यांचाच फॉर्म भरताना मी वाचलं, 'अविवाहित असल्यास कारण'. पुढे उत्तर छापलेलंच होतं, 'अपंगत्व'. मी खूण करणार, तोच बाईंनी हात धरला.

"खोडा ते. दोन स्थळं आल्ती. मलाच पसंत न्हवती."

सांगली येईपर्यंत आम्ही एसटीत बसून उरलेल्या फॉर्मांवरची ती ओळ खोडत होतो.

आणि कराडजवळच्या सुशीलाताई. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. गावातल्या बायकांचे ब्लाऊज त्याच शिवायच्या. आम्ही गेलो तेव्हा त्या मशीनवर होत्या. उत्तरं भाऊ देत होता.

मी विचारलं, "वडिलांच्या जमिनीत यांचा वाटा?"

"तिनं खुशीनं सोडलाय. तिला लिवाय-वाचाय येत न्हाई, पन कागदावर अंगठा हाय तिचा." त्यानं अंगठा उठवून दाखवला.

मशीन थांबलं. सुशीलाताई आमच्या तोंडांकडे बघत होत्या, भावाच्या अंगठ्याकडे बघत होत्या. त्या उठून आल्या आणि कुंदाच्या हातातलं पेन घेतलं. फॉर्मच्या तळाशी गोल, ठसठशीत अक्षरात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं, आडनाव लिहिलं. खाली रेघ ओढली आणि कागद भावासमोर फिरवला.

भावानं कागदावरची नजर काढली आणि कपबशा आमच्याकडे सरकवल्या. मग आम्हाला म्हणाला, "चहा घ्या, निवतोय."